अळंबीचे उत्पादन आणि कंपोस्टमधील खनिजे : एक चिकित्सक परामर्श

प्रास्ताविक

अळंबीच्या लागवडीविषयी आपल्याकडे जे लेखन होते त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. शेतकऱ्यांसाठी लिहिलेल्या माहितीपुस्तिका हा एक, आणि महाविद्यालयीन व विद्यापीठीय संशोधनपत्रिकांतून प्रसिद्ध होणारे प्रयोगनिबंध हा दुसरा. या दुसऱ्या प्रकारातील एक साचा आता चांगलाच रूढ झालेला आहे. एखादे खनिज घ्यावयाचे, ते तीन-चार मात्रांत कंपोस्टमध्ये अगर काडात मिसळावयाचे, प्रत्येक मात्रेच्या काही पिशव्या भरावयाच्या, तोडणीचे वजन करावयाचे आणि ज्या मात्रेस सर्वाधिक वजन मिळाले ती 'शिफारस' म्हणून नोंदवावयाची. ते खनिज नेमके काय करते हा प्रश्न अशा निबंधांतून बहुधा विचारलाच जात नाही. विचारला गेलाच तर 'अन्नद्रव्यांची उपलब्धता वाढल्यामुळे उत्पादन वाढले असावे' या एका वाक्यावर त्याची बोळवण होते.

खनिजांच्या भरीमुळे अळंबीचे उत्पादन वाढूच शकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. काही परिस्थितीत ते वाढते, यास पुरेसा आधार आहे. तथापि ते कोणत्या कारणाने वाढते आणि वाढले हे आपण कशावरून ठरवितो, या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे या विषयावरील आपले बरेचसे लेखन डळमळीत पायावर उभे राहिले आहे, असे वाटते. विवेचनाचा मुख्य भर बटन अळंबीवर, म्हणजे अगॅरिकस बायस्पोरस या जातीवर आहे. महाराष्ट्रातील लहान उत्पादक ज्या धिंगरी अळंबीकडे वळतात तिचाही विचार ओघाने येईल.

'खत' या शब्दाने केलेला घोटाळा

कंपोस्टला आपण खत म्हणतो आणि तेथूनच विचार रुळावरून घसरतो. हिरवी वनस्पती कर्ब हवेतून घेते आणि खनिजे जमिनीतून. म्हणून तिच्यासाठी खत म्हणजे खनिजांचा पुरवठा. पिकाने जमिनीतून जेवढे उचलले तेवढे परत द्यावे, आणि ज्या द्रव्याची सर्वाधिक उणीव असेल त्यावर वाढ अडते, हा लीबिगच्या नावाने ओळखला जाणारा नियम तिला लागू पडतो. अळंबी ही मृतोपजीवी बुरशी होय. कर्ब, नत्र, ऊर्जा आणि खनिजे हे सर्व तिला कंपोस्टमधूनच मिळवावे लागते. कंपोस्ट ही तिची जमीन नव्हे, तिचे अन्न आहे. वनस्पतीच्या खतशास्त्रातील हिशेब येथे जसाच्या तसा उचलून आणला तर काय होते, हे साध्या आकडेमोडीवरून दिसून येते.

ताज्या बटन अळंबीत सुमारे नऊ दशांश पाणी असते. तिच्या प्रत्येक 100 ग्रॅममध्ये पोटॅशियम साधारण 318 मिलिग्रॅम, स्फुरद 86 मिलिग्रॅम, कॅल्शियम अवघे 3 मिलिग्रॅम आणि मँगॅनीज 0.05 मिलिग्रॅमच्या आसपास असते. 100 किलो कंपोस्टपासून 20 किलो अळंबी निघाली, म्हणजे उत्पादन चांगले आले, असे धरू. या संपूर्ण पिकाने सुमारे 64 ग्रॅम पोटॅशियम, 17 ग्रॅम स्फुरद, 0.6 ग्रॅम कॅल्शियम आणि 10 मिलिग्रॅम मँगॅनीज बाहेर नेले. पोटॅशियम तर मूळच्या काडातच याच्या कित्येक पट असते. कॅल्शियमचा हिशेब याहून बोलका आहे. 100 किलो तयार कंपोस्टमध्ये 3 किलो जिप्सम गेलेले असेल, तर त्यातून सुमारे 700 ग्रॅम कॅल्शियम दिले गेले. पिकाने उचलले त्याच्या हजारपटीहून अधिक!

एवढी तफावत असताना 'जिप्सममुळे अळंबीस कॅल्शियमचे पोषण मिळून उत्पादन वाढते' हे विधान कोणत्या अर्थाने घ्यावयाचे? फळातील प्रमाण म्हणजे बुरशीच्या तंतुजालाची संपूर्ण गरज नव्हे, हे मान्य केले तरी हजारपटीचा खुलासा होत नाही. म्हणजे उत्तर पोषणाच्या बाहेर शोधावे लागते, आणि ते शोधून झालेलेही आहे.

जिप्समचे कार्य

जिप्समचा अळंबीच्या कंपोस्टवरील परिणाम इंग्लंडमध्ये पायझर यांनी 1937 मध्ये आणि नंतर पायझर व थॉम्पसन यांनी 1938 मध्ये तपशीलवार मांडला. त्या काळी ही अळंबी सॅलिओटा कॅम्पेस्ट्रिस या नावाखाली ओळखली जाई. कंपोस्ट कुजत असताना त्यात चिकट, बुळबुळीत कलिल द्रव्ये तयार होतात. काड एकमेकांस चिकटून राहते, मधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, हवा खेळत नाही. कॅल्शियमचे आयन या कलिलांचे साकळण घडवून आणतात. मग चिकटपणा जातो, काड सुटे होते आणि जादा पाणी निथळून जाते. जुन्या अळंबी उत्पादकांची मुठीत कंपोस्ट दाबून पाहण्याची रीत याच गुणाची परीक्षा असते. हात ओला व्हावा, पण बोटांमधून पाणी ठिबकू नये आणि हाताला बुळबुळीतपणा लागू नये.

जिप्समचे दुसरे कार्य रासायनिक स्वरूपाचे आहे. कुजण्याच्या क्रियेत निघणारा अमोनिया कार्बोनेटच्या रूपात असताना जिप्समशी त्याची प्रक्रिया होऊन चुनखडी व अमोनियम सल्फेट तयार होतात. उडून जाणारा नत्राचा काही अंश त्यामुळे ढिगातच राहतो. चुना वापरला तर नेमके उलट होईल. अल्कता वाढून अमोनिया अधिक वेगाने निघून जाईल. कॅल्शियम दोहोंतही आहे, परिणाम मात्र विरुद्ध. 'कॅल्शियमचे पोषण' या स्पष्टीकरणाची अपुरेपणा दाखविण्यास एवढी एक तुलना पुरेशी व्हावी.

याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. जिप्समचा लाभ जर मुख्यतः पोताशी आणि अमोनियाशी निगडित असेल, तर त्याची 'योग्य मात्रा' असा सर्वकाळ लागू पडणारा आकडा असू शकत नाही. ओलसर, कोंबडीखत अधिक असलेल्या, चिकट ढिगास ते अधिक लागेल. मुळात सुट्या व मोकळ्या ढिगास जादा जिप्सम दिल्याने फारसे साधणार नाही. आपल्याकडे लांब मुदतीच्या पद्धतीत सुमारे 28 दिवसांत सात-आठ वेळा ढीग उलटला जातो आणि जिप्सम मधल्या पलटणीत मिसळतात. 300 किलो काडास 30 किलो जिप्सम हे सूत्र हिमाचलातील सोलनच्या परिसरात रुजलेल्या शिफारशींमधून सर्वत्र गेले. ते गव्हाच्या काडाच्या कंपोस्टसाठी होते. तेच प्रमाण डोळे झाकून सोयाबीनच्या काडास किंवा उसाच्या पाचटास लावून 'उत्पादन वाढले नाही' असा निष्कर्ष काढणे, अथवा वाढल्यास त्याचे श्रेय कॅल्शियमला देणे, दोन्ही सारखेच अनाठायी होय.

अळंबीचे बियाणे, ज्यास सर्वजण स्पॉन म्हणतात, तयार करतानाही शिजविलेल्या गव्हाच्या दाण्यांत जिप्सम व थोडी चुनखडी मिसळतात. दाणे एकमेकांस चिकटू नयेत हा तेथे त्याचा उघड हेतू असतो, आणि प्रयोगशाळेतील सहायकासही तो ठाऊक असतो. कंपोस्टकडे वळताच मात्र आपण तो विसरतो.

मँगॅनीजचा युक्तिवाद आणि त्यातील उडी

मँगॅनीजची गोष्ट वेगळी आहे, आणि या विषयातील खरा बौद्धिक रस तिच्यातच आहे. येथे पोताचा प्रश्न नाही, मात्राही अल्प असते. काडातील लिग्निन हे अत्यंत चिवट द्रव्य फोडण्यासाठी अळंबी जी विकरे स्रवते त्यांत मँगॅनीज पेरॉक्सिडेज व लॅकेज यांचा समावेश होतो. बटन अळंबीत ही विकरे असल्याचे बॉनेन, अँटन आणि ऑर्थ यांनी 1994 मध्ये दाखवून दिले. मँगॅनीज पेरॉक्सिडेज हे विकर द्विसंयुजी मँगॅनीजचे त्रिसंयुजी मँगॅनीजमध्ये रूपांतर करते. ऑक्झॅलेटसारख्या सेंद्रिय आम्लाच्या साहाय्याने स्थिर झालेले हे त्रिसंयुजी मँगॅनीज विकरापासून दूर जाऊन लिग्निनवर हल्ला चढविते, आणि स्वतः पुन्हा द्विसंयुजी होऊन परतते. एकच आयन पुनःपुन्हा वापरला जातो. पिकाने अवघे 10 मिलिग्रॅम उचलले असतानाही मँगॅनीजची भर परिणामकारक ठरू शकते याचे कारण हेच. ते येथे धान्य नसून जात्याचा खुंटा आहे.

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील वाइल, बीलमन व बायर यांनी 2006 मध्ये 'बायोरिसोर्स टेक्नॉलॉजी' या पत्रिकेत मँगॅनीज व इतर सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या भरीचा बटन अळंबीच्या उत्पादनावरील परिणाम प्रसिद्ध केला. या विषयावरील निबंधांत तो वारंवार उद्धृत होतो, आणि उद्धृत होण्याच्या योग्यतेचा आहे. तथापि तो उद्धृत करताना आपण एक गोष्ट गाळतो. उत्पादनवाढीचा प्रश्न त्या संशोधकांनी कोणत्या माध्यमात भर घातली यापासून तोडलेला नव्हता. कंपोस्ट आणि न कुजविलेले माध्यम या दोहोंत मुळातले मँगॅनीज सारखे नसते. आपल्याकडील कंपोस्टमध्ये कोंबडीखत असते आणि कोंबड्यांच्या खाद्यात जस्त, मँगॅनीज व तांबे यांची खनिजे आधीच मिसळलेली असतात, त्यांचा बराचसा भाग विष्ठेतून कंपोस्टमध्ये उतरतो. अशा कंपोस्टमध्ये आणखी मँगॅनीज घालण्यापूर्वी मूळचे किती आहे, आणि त्यातील उपलब्ध किती आहे, हे मोजणे ही किमान अपेक्षा ठरते. बियाणे पेरतेवेळी कंपोस्टचा सामू 7.2 ते 7.8 च्या दरम्यान असतो. अशा किंचित अल्कधर्मी माध्यमात एकूण मँगॅनीज आणि उपलब्ध मँगॅनीज यांत मोठे अंतर पडू शकते.

धिंगरी अळंबीच्या बाबतीत याहून लांब उडी मारली जाते. केरेम व हदार या इस्रायली संशोधकांनी 1993 मध्ये प्लुरोटस ऑस्ट्रिएटस या जातीवर काम करून मँगॅनीजमुळे लिग्निनचे विघटन वाढते असे दाखविले. ते लिग्निन कापसाच्या फांद्यांपासून तयार केलेले होते. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्यांचे ढीग शेताच्या बांधावर जळत असताना या संशोधनाचे आपणास आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांनी मोजले ते लिग्निनचे विघटन. अळंबीचे उत्पादन त्यांनी मोजले नव्हते. लिग्निन अधिक फुटले म्हणजे अळंबी अधिक येईल हे अनुमान झाले, आणि ते खरे ठरण्यासाठी मधल्या अनेक पायऱ्या सिद्ध व्हाव्या लागतात. लिग्निन फुटल्याने मोकळे झालेले सेल्युलोज बुरशीच्या वाट्यास आले की हिरव्या बुरशीच्या, ते तंतुजालाच्या श्वसनात खर्च झाले की फळात उतरले, हे ठरविल्याविना 'केरेम व हदार यांनी मँगॅनीजमुळे उत्पादनवाढ दाखविली' असे लिहिणे संदर्भाचा गैरवापर ठरेल.

येथे एक न सुटलेला पेच नोंदवून ठेवावासा वाटतो. त्रिसंयुजी मँगॅनीज स्थिर ठेवण्यास ऑक्झॅलेट हवे, आणि जिप्सममधील कॅल्शियम तर ऑक्झॅलेटला अविद्राव्य स्फटिकांच्या रूपात बांधून टाकते. बटन अळंबीच्या तंतूंवर कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्यास दाखविता येतात. मग जिप्सम व मँगॅनीज एकत्र देणाऱ्या मिश्रणात ही दोन द्रव्ये एकमेकांस पूरक ठरतात की मारक? एकेक खनिज सुटे घेऊन केलेले प्रयोग या प्रश्नाला स्पर्शही करू शकत नाहीत.

'उत्पादन वाढले' म्हणजे काय?

आता मोजमापाकडे वळू. बहुसंख्य निबंधांत निष्कर्ष जैविक कार्यक्षमतेच्या टक्केवारीत दिलेला असतो, म्हणजे ताज्या अळंबीचे वजन भागिले माध्यमाचे कोरडे वजन गुणिले शंभर. या सूत्रात अंश ओला आणि छेद कोरडा आहे, हे क्षणभर थांबून पाहावे. 100 किलो कंपोस्टमध्ये 70 टक्के ओलावा असेल तर कोरडे वजन 30 किलो. त्यातून 20 किलो अळंबी निघाली तर कार्यक्षमता सुमारे 67 टक्के. ओलावा 65 टक्के असेल तर कोरडे वजन 35 किलो, आणि त्याच 20 किलो अळंबीची कार्यक्षमता 57 टक्के भरते. पीक तेच, मेहनत तीच, आणि फरक दहा टक्क्यांचा! ज्या प्रयोगात ओलावा 'सुमारे 70 टक्के' असा एकदाच नोंदविलेला असतो, प्रत्येक मात्रेसाठी स्वतंत्रपणे ओव्हनमध्ये वाळवून काढलेला नसतो, त्यात आठ टक्क्यांच्या वाढीस अर्थ किती? जिप्सम तर ओलाव्यावरच काम करते. म्हणजे ज्या घटकाचा परिणाम तपासावयाचा तोच छेद हलवितो आहे. शिवाय स्वतः जिप्समही कोरड्या वजनात मोजले जाते, हे वेगळेच.

तोडणीच्या बहरांचा प्रश्नही असाच. अळंबी सात ते दहा दिवसांच्या अंतराने बहराबहराने येते. दोन बहरांनंतर प्रयोग आवरता घेतला, कारण बहुधा सत्रपरीक्षा जवळ आलेली असते, तर एखाद्या खनिजाने पीक केवळ लवकर आणले की एकूण वाढविले, यांतील भेद कळत नाही.

याहून गंभीर दोष प्रयोगाच्या रचनेत आहे. जिप्सम ढीग उलटताना मिसळलेले असेल तर प्रयोगाचे एकक ढीग हे होय. एकाच ढिगातून भरलेल्या दहा पिशव्या म्हणजे दहा पुनरावृत्ती नव्हेत, एकाच ढिगाची दहा वेळा केलेली मोजणी होय. पर्यावरणशास्त्रात हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या दोषास आभासी पुनरावृत्ती म्हटले. आपल्या निबंधांच्या शेवटी दिलेली विचरण-विश्लेषणाची सारणी या आभासावर कितीही नेटकी दिसली तरी तिला आधार नसतो.

हे इतरांविषयीच लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल.च्या प्रबंधिकेत धिंगरी अळंबीस मँगॅनीज सल्फेटच्या चार मात्रा दिल्याचा प्रयोग आहे. भाताचा पेंढा रात्रभर ज्या पाण्यात भिजत घातला त्या पाण्यातच हे मीठ विरघळविले, सकाळी पेंढा निथळून घेतला, मग गरम पाण्यात तासभर ठेवून पुन्हा निथळला. दिलेली मात्रा लिहिली गेली. पेंढ्यात राहिलेली मात्रा कोणीच मोजली नाही. विद्राव्य मिठाचा किती भाग दोन वेळच्या निथळणीत गटारात गेला, आणि त्याबरोबर पेंढ्यातील मूळचे पोटॅशियमही किती गेले, हे आज सांगता येत नाही. वरच्या दोन मात्रांच्या पिशव्यांपैकी ज्यांवर हिरवी बुरशी आली त्या 'दूषित' म्हणून वगळल्या गेल्या. जादा खनिजामुळेच ती बुरशी फोफावली असण्याची शक्यता तेव्हा सुचली नाही. मौखिक परीक्षेतही हा प्रश्न आला नाही. प्रबंधिका मान्य झाली, आणि तिच्या आधारे लिहिलेला निबंध छापूनही आला.

पुढे परिसरातील एका महिला बचत गटाच्या प्रमुख ताई बाजारात मिळणारे सूक्ष्म अन्नद्रव्यांचे पाकीट घेऊन महाविद्यालयात आल्या. "सर, हे किती टाकू?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्या पाकिटावरील मात्रा जमिनीतील पिकासाठी होती. छापील निबंधातील आकडा त्यांना सांगण्याचे धैर्य झाले नाही.

जादा म्हणजे किती जादा?

लॅकेज या विकरास तांबे लागते, म्हणून तांब्याची भर उपयुक्त असा युक्तिवाद कधीकधी आढळतो. परंतु नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या शेतकऱ्यास तांबे बुरशीचे काय करते हे सांगण्याची गरज नाही. अळंबी हीदेखील बुरशीच आहे. गरज आणि विषबाधा यांतील पट्टा येथे अरुंद असतो. पिकांसाठीची मिश्रणे माणसाने जमिनीची उणीव पाहून ठरविलेली असतात, त्यांत अळंबीच्या सहनशक्तीचा विचार असण्याचे कारणच नाही. स्फुरदासाठी सुपर फॉस्फेट वापरताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ते ज्या खनिज फॉस्फेटपासून बनते त्यात कॅडमियम कमीअधिक प्रमाणात असते, आणि अगॅरिकस प्रजातीतील अळंब्या कॅडमियम शोषून साठविण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. उत्पादनवाढीचा निबंध फळातील धातूंच्या पृथक्करणाविना पूर्ण मानू नये, अशी अट संपादक मंडळांनी घालावयास हरकत नसावी.

तुलनेसाठी प्रथिनयुक्त पूरकांचा इतिहास पाहण्यासारखा आहे. शिस्लर व सिंडन यांनी 1962 मध्ये पूरक पोषणाची कल्पना मांडली, पण सोयाबीनसारखे पूरक बियाण्याबरोबर मिसळले की स्पर्धक बुरशी त्यावर तुटून पडत आणि कंपोस्ट तापे. कॅरोल व शिस्लर यांनी 1976 मध्ये प्रथिनांवर फॉर्मॅल्डिहाइडची प्रक्रिया करून ती सावकाश उपलब्ध होतील अशी योजना केली. अडचण कोठे आहे ते आधी शोधले आणि मग उपाय केला. 'अमुक टाकून पाहू' या पातळीवर ते थांबले नाहीत. या पूरकांबरोबरही खनिजे जातातच. म्हणून पूरक व खनिजे एकत्र देऊन केलेल्या प्रयोगात वाढीचे श्रेय कोणास, हे सांगता येत नाही.

वापरलेले कंपोस्ट

पिकाने खनिजांचा इतका अल्प अंश उचलला, तर उरलेला जातो कोठे? तो वापरलेल्या कंपोस्टमध्ये राहतो. सल्फेट, पोटॅशियम, कॅल्शियम यांमुळे अशा कंपोस्टची क्षारता बरीच वाढलेली असते. उत्पादक ते भाजीपाल्याच्या व फुलशेतीच्या शेतकऱ्यांस विकतात किंवा शेडमागे ढीग करून ठेवतात, आणि पहिल्या पावसाबरोबर क्षार खालच्या विहिरीकडे निघतात. पश्चिम महाराष्ट्रातील ज्या पट्ट्यात अतिसिंचनाने जमिनी आधीच क्षारपड झाल्या आहेत तेथे कंपोस्टमध्ये घातलेल्या प्रत्येक किलो खनिजाचा हिशेब दोनदा मांडावा लागेल, एकदा अळंबीच्या शेडमध्ये आणि एकदा शेताच्या बांधावर. विद्युतवाहकता मोजण्याचे साधे उपकरण बहुतेक महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागात असते. प्रयोग संपल्यावर पिशव्या फेकून देण्यापूर्वी त्यातील मूठभर कंपोस्ट पाच पट पाण्यात ढवळून वाचन घेण्यास अर्धा तास पुरतो. येत्या हंगामात आमच्या विभागातील प्रकल्पांत हे वाचन प्रत्येक मात्रेसाठी, भर घालण्यापूर्वी व शेवटच्या बहरानंतर, घ्यावयाचे ठरले आहे. पेंढ्याचे निथळलेले पाणीही या वेळी फेकले जाणार नाही.